‘कधीमधी, सोबतीपुरती’ घेणाऱ्यांचा खरा हिशेब

पेशंटला तपासताना "दारू घेता का?" हा प्रश्न मी विचारतोच. शिरूर असो की दौंड, उत्तरे ठरलेली असतात. "तशी नाही हो डॉक्टर, कधीमधी." "सोबतीपुरती." "फक्त बिअर." "कंपनीतली पोरं बसली की तेवढीच." खराडी किंवा हिंजवडीत नोकरी करणारा असेल तर एकच शब्द येतो, "सोशली." तो असा टाकला जातो की पुढचा प्रश्न विचारणाऱ्यालाच आपण अडाणी आहोत असे वाटावे.

आजचा लेख या शब्दाविरुद्ध आहे. रोज पिणाऱ्या माणसाविरुद्ध नाही. त्याला दारूने धरले आहे, तो आजारी आहे, त्याच्यासाठी काय करायचे ते शेवटी लिहिले आहे. माझे भांडण आहे ते शनिवारी रात्री ढाब्यावर सहा जणांत बसणाऱ्या, सोमवारी वेळेवर कामावर जाणाऱ्या, स्वतःला दारुडा न समजणाऱ्या आणि म्हणूनच कधीही न थांबणाऱ्या माणसाशी. बहुधा तुमच्याशीच. रागावू नका, पुढे वाचा.

आपल्याकडे पूर्वी पिणारा गुत्त्यावर जायचा आणि तोंड लपवून घरी यायचा. ते काही चांगले नव्हते, पण पिणे म्हणजे पिणे असे नाव तरी होते. आता त्याला "बसणे" म्हणतात. "आज बसायचं का?" या प्रश्नाचा अर्थ आपल्या तालुक्यात शाळेतल्या पोरालाही कळतो. ही बसण्याची रीत पुण्यातून आली. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरच्या पबमध्ये, कंपन्यांच्या पार्ट्यांमध्ये आधी ती रुळली. मग नगर रस्त्याने वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर करत रांजणगावच्या एमआयडीसीपर्यंत आली. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस करत कुरकुंभपर्यंत गेली. शहराने आपल्याला नोकऱ्या दिल्या, जमिनीला भाव दिला आणि सोबत ही सवयही दिली. फरक एवढाच की शहरातला माणूस पिऊन कॅबने चार किलोमीटरवर घरी जातो. आपला माणूस अंधाऱ्या रस्त्याने मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर जातो.

निमित्ते तर भरपूर आहेत. आषाढ अमावस्या खरे तर दिव्यांची, पण तिची गटारी झाली. गावची जत्रा, बैलगाडा शर्यत, पोराचे बारसे, नवीन ट्रॅक्टर, ऊसबिल जमा झाले म्हणून, जमीन विकली म्हणून, हुरडा पार्टी, सोसायटीची निवडणूक जिंकली म्हणून आणि हरली म्हणूनही. एकाही निमित्ताला दारूची गरज नाही. बकरे कापले आहे, रस्सा उकळतो आहे, बाजरीच्या भाकरी थापल्या आहेत, पाहुणे आले आहेत. आणखी काय हवे असते?

"पण डॉक्टर, आजकाल सगळेच घेतात." हे वाक्य मला रोज ऐकवले जाते आणि ते सरळ सरळ खोटे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्के जण दारू पितो म्हणाले. स्त्रियांमध्ये ०.४ टक्के. लोक अशा पाहणीत थोडे लपवतात हे मान्य. आकडा दुप्पट धरा. तरीही शंभरातले बहात्तर पुरुष पीत नाहीत. म्हणजे सोशल कोण? समाज तर पीत नाही! पण लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर ज्याला "काय रे, गोळ्या चालू आहेत का?" असे चिडवतात, तो न पिणारा असतो. बहुमतात असूनही सबब त्यालाच सांगावी लागते. असा चमत्कार दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिला आहे का?

त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. देशात शहरातले १६.५ टक्के पुरुष पितात आणि खेड्यातले १९.९ टक्के. दारू हा मोठ्या शहराचा प्रश्न आहे, आपल्याकडे सगळे माळकरी, असे समजून बसणाऱ्यांसाठी.

एक क्वार्टर म्हणजे नक्की किती?

दारू किती प्याली हे ग्लासात मोजायचे नसते, अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मोजायचे असते. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये त्या हिशेबाने साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याने दोन बाटल्या संपवल्या की त्याने आठ पेग घेतलेले असतात. पण तो स्वतःला व्हिस्कीवाल्यापेक्षा सज्जन समजतो.

आता हे पाहा. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेणे आणि असे महिन्यातून निदान एकदा होणे याला घातक पिणे धरते. ६० ग्रॅम म्हणजे बरोबर एक क्वार्टर. आपल्याकडे जिला "थोडीशी" म्हणतात, ती जगाच्या हिशेबात धोक्याची रेघ आहे. महिन्यातून एकदा!

शिवाय आपली पिण्याची पद्धत वाईट आहे. जेवण शेवटी असते. आधी रिकाम्या पोटी शेंगदाणे, चकली, फार तर चिकन लॉलीपॉप यांच्यावर तासाभरात क्वार्टर संपवायची, कारण घरी जायला उशीर होतो. घरी बायको जागी असते, म्हणून घाई. रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात चढते. आठवड्याची सगळी दारू एकाच रात्री शरीरावर ओतली की लिव्हर, स्वादुपिंड आणि हृदय यांना एकदम धक्का बसतो. पार्टीनंतर पोटाच्या वरच्या भागात, पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ घेऊन येणारे तरुण असतात. घरचे म्हणतात पित्त झाले. बऱ्याचदा ती स्वादुपिंडाची सूज असते आणि ती जीव घेऊ शकते. हृदयाचे ठोके अनियमित होऊन धडधड सुरू होणे हाही प्रकार भरपूर पिण्यानंतर दिसतो. सुट्टीच्या दिवसांनंतर असे पेशंट वाढतात म्हणून डॉक्टरांनी त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असेच नाव दिले आहे.

लिव्हरबद्दल लोकांना थोडे माहीत असते, पण चुकीचे माहीत असते. सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आले की पेशंट हसत सांगतो, सगळ्यांनाच असते ना हे? हो, पोट सुटलेल्या पुष्कळांना असते. म्हणूनच तुमची दारू जास्त घातक आहे. लिव्हरमध्ये आधीच चरबी, वर शुगर, त्यात दर शनिवारी ६० ग्रॅम. लिव्हर दुखत नाही. पोटात पाणी होईपर्यंत किंवा रक्ताची उलटी होईपर्यंत ते गप्प राहते. चांगली बातमी अशी की दारूमुळे साठलेली चरबी दारू पूर्ण बंद केल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात उतरू लागते. सिरॉसिस झाल्यावर मात्र ती सोय राहत नाही.

कॅन्सरचे नाव काढले की लोक तंबाखूकडे बोट दाखवतात. बरोबर आहे, पण अर्धेच. दारूला १९८८ पासून कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेले आहे. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का झाला आहे. आणि तंबाखू मळून वर पेग घेणाऱ्याच्या तोंडात-घशात दोन्हींचा धोका नुसता मिळवला जात नाही, गुणला जातो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. "थोडी हार्टला चांगली असते" हे वाक्य आता विसरा. हार्टसाठी रोज चार किलोमीटर चाला. घोडनदीचा काठ फुकट आहे.

बिअरने मुतखडा पडतो, हे आणखी एक. बिअरने लघवी जास्त होते, नंतर शरीरातले पाणी कमी होते आणि युरिक अॅसिड वाढते. मुतखडेवाल्याला यातले काहीच नको असते. साधे पाणी प्या. थंडीत रम घेतल्यावर ऊब वाटते, कारण रक्त कातडीकडे येते. शरीर आतून उलट थंड होत असते. आणि सर्दी झालेल्या बाळाला चमचाभर ब्रँडी देणाऱ्या आजीला हात जोडून विनंती, आजी, हे करू नका. लहान मुलाची शुगर त्याने धोकादायक खाली जाऊ शकते.

शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा

यावर मी मुद्दाम थांबतो, कारण हे फारसे कुणी सांगत नाही.

तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेता किंवा इन्सुलिन घेता. (गोळीच्या पाकिटावर नाव वाचा.) रात्री पार्टीला जाता. पिता, जेवण नीट होत नाही. एरवी पोट रिकामे असताना लिव्हर साखर तयार करून रक्तात सोडते. पण त्या रात्री लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलेले असते आणि साखर बनवणे मागे पडते. गोळी मात्र आपले काम करत राहते. शुगर घसरते, कधी कधी पहाटे, पार्टी संपल्यावर कितीतरी तासांनी.

शुगर घसरलेल्या माणसाला घाम येतो, तो बरळतो, हातपाय थरथरतात, तोल जातो आणि शेवटी तो निपचित पडतो. बाहेरून हे सगळे दारू चढल्यासारखेच दिसते. घरचे म्हणतात, झोपू द्या, सकाळी उतरेल. यात माणसे जातात. मेंदूला तासन्तास साखर मिळाली नाही तर वाचलेला माणूसही पूर्वीसारखा राहत नाही.

म्हणून शुगरवाला माणूस पिऊन घरी आला तर त्याच्यावर ओरडण्याआधी ग्लुकोमीटरने शुगर तपासा. कमी असेल आणि शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या, मग खायला द्या, आणि काही वेळाने पुन्हा तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. लिंबू, ताक, थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी यांतल्या कशानेही दारू लवकर उतरत नाही. भिजलेला आणि जागा दारुडा तेवढा तयार होतो.

जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नका. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नको. "आजची गोळी चुकवतो आणि पार्टी करतो" हा शहाणपणाही नको. बीपीची गोळी चुकवून वर दारू म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

सकाळी सहाची शिफ्ट

लिव्हर दारू ठरावीक वेगाने काढते, तासाला साधारण एक छोटा पेग. वेग वाढवायचा उपाय नाही. म्हणजे क्वार्टर निघायला सहा तास तरी हवेत, वजन कमी असेल तर आठ-दहा. रात्री बाराला उठलेला माणूस पहिल्या शिफ्टसाठी पहाटे पाचला मोटारसायकल काढतो तेव्हा त्याला वाटते की झोप झाली, उतरली. रक्तात ती असते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि तो तिच्या वर असण्याची दाट शक्यता असते. तसाच तो पुढे प्रेस मशीनवर उभा राहतो. बोटे गमावलेल्या कामगाराला आदल्या रात्रीबद्दल कुणी विचारत नाही. विचारायला हवे.

रात्रीच्या रस्त्याचे वेगळे सांगायला नको. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याने गळीत हंगामात कधी गेला आहात ना? उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. शुद्धीतल्या माणसालाही ती ट्रॉली ऐनवेळी दिसते. प्यायलेल्याला दिसतच नाही.

मोठ्या घटना तुम्हाला आठवत असतील. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पबमधून निघालेल्या १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवले, दोघेही गेले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आमच्या व्यवसायाची मान खाली गेली ती गेलीच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुले होती. चालक दारू प्यायला होता असे पोलिसांनी सांगितले. पहिल्या घटनेवर देशभर चर्चा झाली, दुसरीवर दोन दिवस. एक श्रीमंताचा मुलगा आणि दुसरा डंपरचालक, पण जीव गेले ते दुसऱ्यांचेच. सोबतीपुरती पिणाऱ्याचे बिल बऱ्याचदा भलताच माणूस भरतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात व्हिस्की-रम पिण्याचे कायदेशीर वय २५ आहे, बिअर-वाइनचे २१. शिवाय पिण्याचा परवाना लागतो. दुकानदार एका दिवसाचा परवाना फाडतो, तो त्यासाठीच. परवाना नसलेल्या ढाब्यावर दारू पाजणारा गुन्हेगार असतो, आणि तिथे बसून पिणाराही. १९ वर्षांचा कंत्राटी कामगार ढाब्याच्या मागच्या शेडमध्ये क्वार्टर उघडतो तेव्हा तो एका झटक्यात किती कायदे मोडतो ते मोजून पाहा. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करायला सांगितले, तेव्हा वाटले होते की नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता मोकळा श्वास घेतील. पुढे लहान वस्त्यांसाठी अंतर २२० मीटर झाले, नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या, आणि तहानलेल्याला पाचशे मीटर म्हणजे किती?

एक गोष्ट शेतकऱ्यांनी खास लक्षात ठेवावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात त्यातून वगळलेला आहे. बहुतेक खासगी अपघात विम्यांतही दारू पिऊन झालेला अपघात बसत नाही. पोस्टमॉर्टेमच्या वेळी तपासणीला पाठवलेल्या रक्तात दारू निघाली की कारभारणीच्या हातात कागद उरतात.

खर्च

बाटलीचा भाव सगळ्यांना पाठ असतो. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचा कर वाढवला, त्यानंतर १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये झाली. पण क्वार्टर कधी एकटी येत नाही. सोडा, चकणा, सिगारेट, चिकन हंडी, पेट्रोल, आणि "आज माझ्याकडून" म्हणण्याची पाळी. माणशी ८०० रुपये धरा. महिन्याला चार शनिवार, ३२०० रुपये. वर्षाला ३८,४००. ठेकेदाराकडे लागलेल्या पोराचा हा दोनेक महिन्यांचा पगार आहे. त्याच घरात मुलीच्या चष्म्याचा नंबर तपासायला पैसे नाहीत म्हणून दिवाळीनंतर येतो असे सांगितले जाते.

यावर राजकारणातली मंडळी महसुलाचे सांगतात. त्या करवाढीतून जादा १४,००० कोटी मिळतील अशी सरकारची अपेक्षा होती. मिळोत. पण ऊस आपल्या शेतातला, मळी आपल्या कारखान्याची, त्यातून निघालेल्या स्पिरिटची दारू आपल्याच पोराच्या पोटात, आणि कर मुंबईला. मग लिव्हरचा उपचार कुणाच्या खिशातून होतो? जुलै १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरातल्या नव्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. आजच्या किती नगरसेवकांकडून असे पत्र जाईल? निवडणुकीच्या आठवड्यात तर उलटाच माल जातो.

आग्रह करणाऱ्यांशी दोन शब्द

मला सर्वांत जास्त राग पिणाऱ्याचा येत नाही, पाजणाऱ्याचा येतो. "घे रे, एकाने काय होतंय." "पाव्हणं, आमच्या घरी येऊन असं कोरडं जायचं?" "बायकोला घाबरतो का?" या तीन वाक्यांनी आपल्या दोन तालुक्यांत जेवढे नुकसान केले आहे तेवढे कुठल्या साथीने केले नसेल. जेवणाचा आग्रह ही आपली चांगली रीत आहे. पुरणपोळीच्या आग्रहाने फार तर पोट जड होते. दारूच्या आग्रहाला तीच माया लावू नका. ज्याने सहा महिन्यांपूर्वी कष्टाने सोडली आहे, त्याच्या हातात तुम्ही ग्लास देता तेव्हा तुम्ही यजमान नसता. एका पेगने त्याचे सहा महिने जाऊ शकतात, आणि परत सोडवताना मुक्कामाला तुमच्या घरी कुणी येत नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टरांच्या परिषदांमध्ये संध्याकाळी काय असते ते सांगा की. असते. औषध कंपन्यांच्या मेजवान्यांत दारू असते आणि ती लाजिरवाणी गोष्ट आहे. डॉक्टरचे लिव्हर वेगळ्या मातीचे नसते. पण म्हणून तुमचे सुरक्षित होत नाही.

बायकांबद्दल एक वाक्य हवेच. ०.४ टक्के पिणाऱ्या, आणि त्रास शंभर टक्के. रात्री दार उघडणारी ती, उलटी पुसणारी ती, सकाळी "त्यांना ताप आहे" असे मुकादमाला खोटे सांगणारीही ती. गावातले दुकान बंद करायचे असेल तर कायद्याने तिच्या हातात एक हत्यार दिले आहे. गावातल्या पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी अर्ज केला की मतदान होते, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडवी बाटली’ला मत दिले की दुकान बंद. हजर असलेल्यांपैकी नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त. म्हणून त्या दिवशी शेतात खुरपायला गेलेली बाई म्हणजे दुकानदाराला पडलेले मत, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या घरी पुढचे कार्य असेल तेव्हा दारू ठेवू नका. दोन-चार पाहुणे नाराज होतील, होऊ द्यात. ताक ठेवा, लिंबू सरबत ठेवा, हंगाम असेल तर उसाचा रस. (शुगरवाल्यांनी रस नको, ताक घ्या.) दुसऱ्याच्या कार्यात आग्रह झाला तर "डॉक्टरांनी बंद केली आहे" म्हणा. खुशाल माझे नाव सांगा. जो पिऊन आला आहे त्याची किल्ली काढून घ्या आणि त्याला ओट्यावर झोपवा, पाठीवर नाही, कुशीवर. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून.

रोज लागत असेल तर

सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात. ठरवले त्यापेक्षा जास्त होते. लपवावी लागते. यातले एकही तुम्हाला लागू असेल तर "कधीमधी" संपले आहे. अशा माणसाने घरच्यांच्या दबावाखाली, देवाला शपथ घालून, एका दिवसात एकदम बंद करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. अंगावर किडे चालतात, भिंतीवर माणसे दिसतात, ताप येतो. लोक म्हणतात बाहेरचे झाले. बाहेरचे काही नसते, दारू तुटलेली असते आणि उपचार न झाल्यास माणूस दगावतो. गोळ्या देऊन, जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हे आठवड्याभरात नीट पार पाडता येते.

फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस १४४१६ आणि नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे घरच्यांनाही सल्ला मिळतो, पेशंट यायला तयार नसला तरी. तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयातही विचारा. आणि माझ्याकडे येणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा, आधीची सोनोग्राफी असेल तर तीही, आणि शक्य असेल तर कारभारणीला सोबत आणा. किती घेता हा आकडा तिच्याकडे बरोबर असतो.